पितळी वाघाचे दोन तुकडे

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही फार जुनी, आपल्या पणज्यांच्याही आधीची गोष्ट आहे. चीन देशातल्या एका राज्यात गादीवरून दोन सख्ख्या भावांत युद्ध जुंपलं होतं. थोरला राजधानीत राज्य करत होता, धाकटा फौज जमवून त्याच्यावर चालून येत होता. मरत होते ते मात्र दोन्हीकडच्या गरिबांचे मुलगे.

थोरल्याचा सेनापती साधा भालाईत म्हणून फौजेत आला होता. तीस वर्षं लढला, तेव्हा कुठे त्या पदावर पोचला. डाव्या हाताची दोन बोटं त्याने रणांगणात गमावली होती. शिपायांच्या आधी तो कधी जेवला नाही.

त्या राज्याची एक रीत होती. पितळेचा छोटासा वाघ मधोमध कापून त्याचा एक तुकडा राजाकडे आणि दुसरा सेनापतीकडे ठेवत. राजाचा तुकडा घेऊन दूत छावणीत येई. दोन्ही तुकडे जुळले, की फौज हले. न जुळवता पन्नास माणसं जरी हलवली, तरी सेनापतीला देहदंड. कुणी बंड करू नये म्हणून घातलेली रीत ती, तशी शहाणपणाचीच.

एका सकाळी खबर आली, की धाकट्याची फौज नदी उतरली आहे. दुपारपर्यंत ती राजधानीच्या वेशीला भिडणार होती. सेनापतीची छावणी तिथून दोन कोसांवर होती. त्याने तुकडा मागायला ताबडतोब स्वार पाठवला.

राजवाड्याच्या दारात प्रधान चहा पीत बसला होता. सेनापतीचं नाव लोकांच्या तोंडी असतं, हे त्याला कधीच सहन होत नसे.

"महाराज पितरांना धूप दाखवतायत," तो म्हणाला. "उद्या या."

"उद्या इथे कोण शिल्लक असेल, प्रधानजी?"

"ते मला विचारू नका. रीत म्हणजे रीत."

स्वार रिकाम्या हाताने परतला. उपसेनापती म्हणाला, "तुकड्याशिवाय हललो, तर तुमचं डोकं जाईल."

"आणि नाही हललो, तर नगरातली हजारो जातील," सेनापती म्हणाला. "फौज काढा."

संध्याकाळपर्यंत त्यांनी शत्रूला नदीपार पिटाळलं. दुसऱ्या दिवशी सेनापती स्वतःच्या पायांनी दरबारात गेला आणि तलवार खाली ठेवून उभा राहिला.

प्रधान राजाला म्हणाला, "आज न विचारता शत्रूवर गेला, उद्या न विचारता तुमच्यावर येईल."

"महाराज, रीत मी मोडली," सेनापती म्हणाला. "पण ती तुमच्या रक्षणासाठी होती. ते रक्षण मी केलं."

राजाने ती लढाई गच्चीवरून स्वतः पाहिली होती. तरी तो भ्याला. त्याने देहदंड फर्मावला. ज्या वेशीपाशी सेनापतीने नगर वाचवलं, तिथेच त्याचा शिरच्छेद झाला. राजाला लाज वाटली नाही. ज्यांची घरंदारं वाचली, त्यांनीही तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि खरं सांगतो, त्यांचाही मला तितकाच संताप येतो.

तीन महिन्यांनी धाकटा पुन्हा आला. या वेळी दुसऱ्या वाटेने, अचानक. राजधानीला चहूबाजूंनी वेढा पडला. राजाचा तुकडा आतच अडकला, दूताला बाहेर पडायला वाट उरली नाही. राजाने तटावर चढून मदतीसाठी जाळ पेटवले, निशाणं हलवली. समोरच्या टेकडीवरून नव्या सेनापतीची फौज ते सगळं पाहत होती.

"वेस फुटतेय," उपसेनापती म्हणाला. "निघायचं ना?"

"तुकडा आलाय?"

"नाही."

"मग बसा खाली. न विचारता मदतीला जाणाऱ्याचं काय होतं, ते महाराजांनीच दाखवलंय."

सूर्य मावळायच्या आत राजधानी पडली. राजा तटावरच मारला गेला, टेकडीकडे हात करून ओरडत असताना. पंधरा हजार माणसं बसून होती, एकही उठला नाही.

तात्पर्य: वाचवणाऱ्यालाच जो शिक्षा करतो, तो उरलेल्यांना नुसतं बघत बसायला शिकवतो.