राहीचा खराटा

आंबेदऱ्यात सकाळी लवकर आलात तर एक गोष्ट दिसेल, आणि शहरातला पाहुणा ती हमखास चुकीची समजतो. इथली बाई खराटा घेऊन परसात जाते, पण लगेच झाडायला लागत नाही. उकिडवी बसते, मान खाली घालते आणि जमीन निरखून बघते. मग घरातून नवऱ्याची नाहीतर सासऱ्याची हाक येते, "काय दिसलं गं?" बाई ओरडून सांगते, "काही नाही!" आणि मग खराटा चालतो. मागं एकानं फोटो काढले आणि सांगत सुटला की इथं रोज भूमिपूजन होतं. कसलं डोंबलाचं पूजन! ती मुंग्या बघत असते.

बसा, आधी वाटीभर ताक प्या. साखर मागू नका, साखर मागणाऱ्याला आमची म्हातारी माणसं वाडीबाहेर सोडून येतात. ती समोर डोंगराच्या खांद्यावर सपाटी दिसते ना, तिला मुंगीमाळ म्हणतात. गोष्ट तिथली आहे.

फार पूर्वी ही वाडी गवळ्यांची होती आणि म्हशी दावणीला मावत नव्हत्या, असं सांगतात. तूप घाटाखाली जायचं आणि त्याच्या बदल्यात गुळाच्या ढेपा वर यायच्या. गुळाची अशी चटक लागली म्हणे, की सकाळी गुळाचं दूध, दुपारी खीर, म्हैस व्याली की खरवस. ताकाला कोण विचारतो? लोणी काढलं की ताक कुत्र्यांपुढं, नाहीतर ओढ्यात. ज्याच्या घरी गूळ नाही तो ताक पितो, अशी समजूत होऊन बसली होती.

मग वाडीत मुंगी शिरली. त्या दुखण्याला दुसरं नाव नव्हतं. चांगल्या धट्ट्याकट्ट्या गड्याला तहान लागायची आणि ती काही केल्या भागायची नाही. अंग वाळत जायचं, पायाची जखम भरायची नाही, डोळ्यांपुढं धुकं यायचं. आणि या सगळ्याच्या आधीची खूण, लाजू नका, तो परसात जिथं लघवीला बसायचा तिथं मुंग्यांची रांग लागायची. लोक म्हणायचे, यमानं पाठवलेल्या मुंग्या आहेत, माणसाची वाट बघत बसतात. एकाची दुसऱ्याला लागते अशीही भीती पसरली. वाडीचा कारभारी भिवाजी. त्यानं नियम घातला की ज्याच्या परसात मुंगी दिसेल त्यानं वर माळावर जाऊन राहायचं, शिधा पायथ्याच्या दगडावर ठेवला जाईल. घरची माणसं मायेनं शिध्यात गूळ जास्त घालायची. वर गेलेलं एकही माणूस खाली आलं नाही.

भिवाजीच्या शेजारी लखू गवळी राहायचा. राही त्याची बायको. एका सकाळी ती परस झाडायला गेली आणि करवंदीच्या जाळीपाशी तिला काळी बारीक रेघ हलताना दिसली. लखू तिथंच जायचा. तिनं इकडंतिकडं बघितलं, खराटा मारला, वर राख पसरली आणि घरात येऊन चुलीपुढं बसली.

तेव्हापासून राही कुणी उठायच्या आत झाडायला लागली. आज झाडलं की उद्या रांग पुन्हा हजर. शेजारचं दार वाजलं की ती खराटा पाठीमागं लपवायची. पाणवठ्यावर बाया कुजबुजल्या की वाटायचं, कळलं. लखू चार-चार तांबे पाणी घटाघटा प्यायचा आणि तिचं लक्ष दाराकडं असायचं, कुणी बघत नाही ना! त्यात तो वाळत चालला. गालफडं बसली. हे लोकांच्या नजरेत येणार, या भीतीनं तिनं त्याला भरवायला सुरुवात केली. दुधात गूळ, भाकरीवर काकवी, ताटात खीर.

"अगं, किती गोड घालशील?" लखू म्हणायचा.

"खावा मुकाट्यानं. अंगाला लागेल."

अंगाला काही लागत नव्हतं. जितकं ती भरवायची तितका तो सुकायचा आणि तितक्या मुंग्या वाढायच्या. राहीला वाटायचं, यमाला घाई झालीय. ती आणखी एक खडा दुधात टाकायची.

हे किती दिवस चालणार? एका सकाळी भिवाजीची बायको ठकू विस्तव मागायला परसदारानं आली. राही खराटा घेऊन उभी आणि पायाशी मुंग्यांचा नुसता बुजबुजाट. राहीनं खराटा टाकला आणि ठकूचे पाय धरले. "वहिनी, तुमच्या पाया पडते, बोलू नका." पण ठकूच भेदरली होती. तिनं पाय सोडवून घेतले आणि "मुंगी! मुंगी!" करत पळत सुटली.

भिवाजी अंगणाबाहेरच उभा राहिला. आत यायची त्याची छाती नव्हती. "लखू, निघायचं बघ," एवढंच बोलला. राही म्हणाली, मीही जाते. भिवाजी म्हणाला, "पोरी, गेलीस तर खाली येणं नाही." ती म्हणाली, "नाही तर नाही." जाताना तिनं गुळाचा मोठा खडा पदरात बांधून घेतला.

माळावर खोपटं होती, सगळी रिकामी. एका चुलीत अजून अर्धं जळलेलं लाकूड होतं, एका खुंटीला कुणाचं तरी घोंगडं. ज्यांचं होतं ते आता कुठं आहेत हे विचारायची सोय नव्हती. राहीनं जीव मुठीत धरून डहाळीनं एक खोपट झाडलं, गुळाचा खडा फळीवर ठेवला आणि लखूच्या उशाशी बसली.

सकाळी तिला जाग आली तेव्हा मुंग्या आत आल्या होत्या. तिला ओरडावंसं वाटलं, पण इथं कुणापासून लपवायचं होतं? खराटाही नव्हता. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ती नुसती बघत बसली. रांग भिंतीतल्या फटीतून निघत होती. उंबऱ्यापाशी तिला दोन फाटे फुटले होते. एक फाटा बाहेर, लखू जिथं जाऊन आला होता तिथं. दुसरा फाटा वर फळीवर, गुळाच्या खड्याला.

तीच मुंगी, तीच रांग. हा यम नव्हता. यांना गूळ हवा होता, आणि तो लखूच्या अंगातून सांडत होता. आणि भरवला कुणी होता? तिनंच. रोज सकाळी मुंग्या तेच सांगायला येत होत्या आणि रोज सकाळी ती त्यांच्यावर राख टाकत होती.

तिनं खडा उचलला आणि कड्यावरून भिरकावला. मग पायथ्याच्या दगडापर्यंत उतरून शिधा ठेवणाऱ्याला ओरडून सांगितलं, "गूळ नको, दूध नको. कुत्र्यांना घालता ते ताक द्या, आणि नाचणी द्या!" लोक हसले म्हणे, बाईचं डोकं फिरलं. पण फुकट जाणारं ताक द्यायला कुणाचं काय जातं? ताकाचा मातीचा डेरा भरून यायला लागला. राहीनं डोंगरातल्या जननीदेवीला नवस बोलला, याला ठेव, गोडाचा कण माझ्याही तोंडात जाणार नाही.

ते दिवस सोपे नव्हते. लखू गुळासाठी रडायचा, शिव्या द्यायचा, डेऱ्याला लाथ मारायचा. राही पुन्हा वाटी भरायची. आंबट ताक, नाचणीची भाकरी, आणि झऱ्यापर्यंत रोजची चढउतार. रोज पहाटे ती जमिनीपाशी वाकायची आणि भीतीनं डोळे मिटून घ्यायची. मग उघडायची. मुंग्या असायच्याच. पण रांग विरळ झाली. मग तुटक झाली. एका सकाळी तिनं बघितलं, सरकून बघितलं, गुडघ्यावर रांगत बघितलं. लखूच्या डोळ्यांत मधल्या काळात पुरतं धुकं उतरून दिसेनासं झालं होतं, ती नजर मात्र पुढंही परत आली नाही. त्यानं आतून विचारलं, "काय दिसलं गं?"

राहीला हुंदका आवरेना. "काही नाही," ती म्हणाली. "अहो, काही नाही!"

त्यानंतर एकदा माळावर कुणीतरी धापा टाकत चढून आलं. ठकू होती. चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं, हाताला राख. राहीनं ती राख बघितली आणि ओळखलं, मुंगी आता भिवाजीच्या परसात आली होती. मनात आलं, म्हणावं, आता कळलं का? तसं म्हटलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्या राखेखालची भीती तिनं स्वतः भोगली होती. तिनं डेऱ्यातलं ताक गाडग्यात घालून ठकूच्या हाती दिलं.

"झाडू नका, वहिनी," ती म्हणाली. "मी झाडत राहिले म्हणून यांचे डोळे गेले. तुम्ही बघा."

भिवाजीला माळावर धाडणारं कुणी नव्हतं, आणि त्यालाही कुणाला पाठवायचं तोंड राहिलं नाही. लखू आणि राही खाली आले ते वाजतगाजत, असं सांगतात. लखू ताकानं वाचला, गूळ सुटला म्हणून वाचला, की डोंगर चढून, त्यावर इथं अजून भांडणं होतात. गोळ्या घेत असाल तर मात्र त्या सोडू नका हं, आमची नर्सबाई ऐकेल तर मलाच माळावर पाठवेल.

आजही आंबेदऱ्यात नव्या सुनेच्या हाती सासू खराटा देते तेव्हा एवढंच सांगते, आधी बघ. रोज सकाळी परसापरसातून "काही नाही!" ऐकू येतं. आणि एखाद्या दिवशी एका परसातून उत्तर आलं नाही, तर सगळ्या वाडीतले खराटे थांबतात. कुणी कुणाला सांगत नाही. सगळ्यात आधी शेजारीण निघते, डोक्यावर ताकाचा डेरा घेऊन, त्याच घराकडं.