भागी चिचुंद्रीची मोठी अक्षरं

एका रानात एक वाघ राज्य करायचा, आणि मंडळी, तो चक्क निवडून आलेला होता. रानात पाणवठा एकच. महाराज पाण्यावर कधी येणार, त्याचं वेळापत्रक दर सोमवारी तिथल्या जांभळीच्या खोडावर लागायचं. ज्याला ते वाचता येत नसे, त्याची महाराजांशी थेट भेट व्हायची. भागी चिचुंद्रीच्या आईची अशीच भेट झाली होती.

म्हणून भागीने वनसमाज महाविद्यालयात नाव घातलं. पोरगी जिद्दीची! मातीत नखाने मोठमोठी अक्षरं गिरवून शिकली. पण चिचुंद्रीचे डोळे ते केवढे? पुस्तकातला बारीक टाइप तिला मुंग्यांच्या रांगेसारखा दिसायचा.

"अगं, सहाय्य कक्षात जा," पिंगळे गुरुजी म्हणाले. "वंचितांसाठीच उघडलाय. मोठ्या अक्षरांचं पुस्तक माग, आणि वेळापत्रकही तसंच लावा म्हणावं."

कक्षाचे समन्वयक तरसराव. माणूस म्हणावा इतके हसतमुख.

"ये बाई, तुझीच वाट बघत होतो! वंचित आहेस ना? पुरावा?"

"माझ्या आईला महाराजांनी खाल्लं, साहेब."

"हळू बोल गं! 'महाराजांच्या सहवासात विलीन' असं लिही."

अर्जाची अक्षरं इतकी बारीक, की तो अखेर तरसरावांनीच भरला. पुस्तक छापायला टाकलंय, तोवर सत्कार घे, म्हणाले.

झालं! आज उद्घाटन, उद्या वर्धापनदिन, परवा शिबिर. दरवेळी भागी व्यासपीठावर. शाल एवढी मोठी, की आत भागी आहे की नाही ते कळायचं नाही, आणि बघतही कुणी नव्हतं.

"बंधू-भगिनींनो," तरसराव गरजायचे, "मागच्या राजवटीत चिचुंद्र्यांना साधं वंचित म्हणूनही कुणी विचारत नव्हतं! आज एकही चिचुंद्री वंचित असल्यावाचून राहिलेली नाही!"

टाळ्या. आणि भागीचा तास बुडालेला.

परीक्षेच्या दिवशीही बोलावणं आलं. भागी रडकुंडीला आली. "साहेब, आज तरी सोडा हो! मला पास व्हायचंय."

तरसरावांना खरोखरच काळजी वाटली. "वेडी का तू? पास झालीस तर वंचित कशी राहशील? मग आम्ही मदत कुणाला करायची?"

पुढच्या सोमवारी भागी पाणवठ्यावर गेली. ससे, भेकरं, साळिंदरं तहानेने व्याकूळ होऊन लांबच उभी होती. भागीने जांभळीकडे पाहिलं, तर खोडावर नवाकोरा फलक. हातभर उंचीची अक्षरं! आयुष्यात पहिल्यांदा तिने एक अख्खं वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं:

"भागी शिकली, रान पुढे गेलं! महाराज, आम्ही ऋणी आहोत!"

खाली शालीतला तिचा फोटो, शेजारी महाराज.

"आई गं, वाचता आलं मला!" भागीला हुंदका आवरेना.

"ते ठीक आहे," एक म्हातारा ससा म्हणाला, "पण वेळापत्रक त्या फलकाखाली गेलंय. महाराज कधी येणार, कुणाला ठाऊक?"

फलकाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. भागीला आई आठवली. ती सरसर खोडावर चढली आणि फलक कुरतडायला लागली. आधी फोटोतले स्वतःचे पाय, मग शाल, मग तोंड. बारीक अक्षरं उघडी पडली. ती सशाने वाचली:

"महाराज. सोमवार. सूर्य डोक्यावर येताच."

सगळ्यांनी वर पाहिलं आणि जे पळत सुटले! भागीही सुटली. त्या दुपारी महाराज उपाशी परतले.

तिन्हीसांजेच्या आत गुन्हा दाखल झाला. लाभार्थी भागी हिच्या प्रतिमेची विटंबना केली म्हणून आरोपी भागी. फिर्याद सहाय्य कक्षाने स्वतः दिली, कारण वंचितांचा अपमान तो कधीच खपवून घेत नाही.