आंबा घाटातली झोप

“मग उस्ताद, तुम्ही याला ड्रायव्हर म्हणणार?”

प्रश्न माझ्या सासऱ्यांचा. ‘याला’ म्हणजे त्यांच्या मुलाला, सुजितला. माझ्या नवऱ्याला.

दस्तगीर उस्ताद मलकापुरात, नातवाच्या टायरच्या दुकानापुढं खाटेवर बसले होते. वय ऐंशीच्या घरात. सासऱ्यांना ट्रक चालवायला त्यांनीच शिकवलेलं. ट्रकवाल्यांच्यात रीत अशी, की उस्तादानं शेजारी बसून घाट उतरायचा आणि खाली पोचल्यावर ‘हो’ म्हणायचं. मगच शागीर्द एकटा गाडी नेतो.

सुजितला शिकवलं सासऱ्यांनीच. पण त्यांच्या तोंडून ‘हो’ काही निघेना. परवा ही नवी गाडी गुवाहाटीला जायची होती. उस्तादांनी नाही म्हटलं, तर ती दुसराच कुणी ड्रायव्हर नेणार होता.

“आधी बसू तर दे, सद्या,” उस्ताद सासऱ्यांना म्हणाले.

“आम्ही मिसरूड फुटायच्या आधीपासनं क्लीनरकी केली. चाकाखाली लावायचा ठोकळा हातात घेऊन घाटभर गाडीमागं पळालो. मग कुठं तुम्ही स्टिअरिंगला हात लावू दिलासा. ह्यानं बसल्या बसल्या पहिला एसी लावला.”

“चालू हाय न्हवं? मग चल. हितं लई उकडतंय.”

माझं माहेर घाटाखाली, साखरप्याला. म्हणून मीही गाडीत होते. सकाळी घरून निघताना सासरे पुटपुटले होते, “ट्रकात बायका!” सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या गाडीत त्या कधी चढल्या नव्हत्या. त्यांनी केबिनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“सीट मऊ असत्यात म्हणं,” एवढंच म्हणाल्या.

मी मऊ नाहीत म्हणून सांगितलं. खोटं होतं ते.

सुजितनं उस्तादांना हात देऊन वर घेतलं. ते केबिन न्याहाळत राहिले.

“इंजिन कुठाय?”

“खाली,” सुजित म्हणाला.

“आमचं मांडीला मांडी लावून बसायचं. त्याच्यावर भाकरी गरम करायचो. आणि ह्यो बारका डोळा कसला?”

“कॅमेरा हाय, उस्ताद. ड्रायव्हर पेंगला की बोंबलतो.”

“क्लीनरचं काम करतोय म्हण की! आणि बिडी मागत न्हाई...” उस्ताद हसले.

सासरे हसले नाहीत.

सासरे सुजितच्या शेजारच्या सीटवर बसले. मागं झोपायला फळी होती, गादी घातलेली. मी तिच्या कडेला अंग चोरून बसले होते. उस्ताद मागं वळले. त्यांनी गादी दाबून बघितली. माहेरी न्यायच्या साड्यांची माझी पिशवी ओढून डोक्याखाली घेतली आणि आडवे झाले.

“उस्ताद, घाट यायलाय,” सासरे म्हणाले.

“येऊ दे की. त्यो काय आज आलाय?”

गाडीत साखरेची पोती होती, भरगच्च. पहिल्या वळणावर सुजितनं वेग आधीच कमी केला. गाडी कुरकुरली नाही, तिनं हिसका दिला नाही. सासऱ्यांचा उजवा पाय मात्र खाली रिकाम्या जागी दाबला गेला. ब्रेक तिथं नव्हता.

“आमच्या वेळी हितं उभं राहून स्टिअरिंग ओढायला लागायचं,” ते मला म्हणाले. “दोन्ही हातांनी. खांदे निखळायचे. ह्यो बघ, एका बोटानं...”

सुजितची नजर रस्त्यावर. लग्नात हार घालतानाही तो असाच समोर बघत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला. आधी बारीक, मग मोठा.

उस्ताद घोरत होते.

सासरे वळले. बराच वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा असा झाला, जसा पंगतीत शेजाऱ्याला दोनदा वाढून कुणी आपल्याला टाळून पुढं निघून गेल्यावर होतो.

“माझ्या गाडीत कधी न्हाई,” ते हळूच म्हणाले. “एवढी वर्षं बसलं शेजारी... एकदाबी डोळा मिटला न्हाई.”

 मी उस्तादांच्या डोक्याखालच्या साड्यांचा विचार केला.

उरलेला सगळा घाट सासऱ्यांनी रस्ता बघितलाच नाही. मान सुजितकडं वळलेली. त्याचा हात गिअरकडं गेला की यांची नजर गिअरवर. तो आरशात बघायचा, की हेही आरशात. सुजितच्या कानामागून घाम उतरत होता. एसी चालू असून.

साखरप्याला चहाच्या टपरीपाशी गाडी थांबली. सुजित खाली उतरून टायर बघत फिरू लागला. आमच्याकडं येईना. उस्तादांना मी उठवलं. त्यांनी पिशवी झटकून परत दिली.

बाकावर चहा आला. सासऱ्यांनी घेतला नाही.

“सांगा उस्ताद. हो का न्हाई?”

“मला काय ठावं? मी झोपलो हुतो.”

“झोपलासा म्हंजे होच की!” सासऱ्यांचा आवाज चढला. टपरीवाल्यानं वळून बघितलं. “काल आलेल्या पोराच्या हातात जीव देऊन घोरलासा. आणि मी? माझ्या गाडीत भुतागत टक्क जागं बसायचासा. काय कमी हुतं माझ्यात?”

उस्तादांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली...

“तू झोपलास आज?”

“मी कसा झोपीन?”

“मग काय करत हुतास?”

“त्याचं हात बघत हुतो.”

“चुकला कुठं?”

सासरे सुजितकडं बघू लागले. तो वाकून मागच्या चाकावर थाप मारून हवा बघत होता.

“...न्हाई.”

“कुठंच न्हाई?”

“कुठंच न्हाई.”

“मग पहिल्या वळणानंतर झोपायचं हुतंस. गादी चांगली हाय.”

सासऱ्यांनी चहाचा कप हातात घेतला. प्यायले नाहीत.

“नजरच हटंना, उस्ताद...”

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

“तुझ्या गाडीत माझीबी हटायची न्हाई, सद्या.”