खोलू का, साहेब?

"सगळ्यांच्या फोनवर लाल दिसत होतं, बाई. मग मी एकट्यानंच का बोलायचं?"

प्रणीत खोचगेनं हे विचारलं तेव्हा ऊन नुकतंच दर्ग्याच्या ओट्यावर आलं होतं. मुजावर बाई सूप पुढे घेऊन शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

बाई पॉलिटेक्निकला बांधकाम शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर माहेरी आल्या. भाऊ दर्ग्याची सेवा करतो, बाई मागच्या खोलीत राहतात. मिरजेच्या बाजूचे निम्मे इंजिनियर अडचण आली की अजून याच ओट्यावर येतात. अडचण नसली की इकडे कोणी फिरकत नाही.

प्रणीत मात्र एकदा अडचण नसतानाही आला होता. फोन दाखवायला.

त्याच्याकडे सरकारी बाळंतिणीच्या दवाखान्याचं काम होतं. स्लॅबच्या ओल्या काँक्रीटमध्येच सेन्सर पुरलेला. काँक्रीटला किती ताकद आली ते त्यातून थेट फोनवर येतं, आणि ताकद पुरेशी होईपर्यंत आकडा लाल राहतो. प्रत्येक हेल्मेटमध्ये चिप. कोण कुठं उभं आहे ते पुण्याच्या ऑफिसात बसून दिसतं. हे सगळं त्यानं त्या दिवशी चहा गार होईपर्यंत समजावून सांगितलं होतं.

आणि निघता निघता म्हणाला होता, "तुमच्या काळी भांडावं लागायचं, बाई. आता भांडणच संपलं. नाही म्हणायचं काम मशीनच करतं."

हे तो कुणाला सांगत होता? बाईंनी शिकवायला लागण्याआधी साइटवर काढलेली वर्षं, समोर उभं राहून फोडायला लावलेला तो कच्चा कॉलम आणि त्यापायी गेलेली नोकरी हे सगळं अख्ख्या तालुक्याला तोंडपाठ होतं.

त्या दिवशी बाई नुसत्या हसल्या होत्या. आज हसल्या नाहीत.

"लाल होतं म्हणतोस. आता?"

"आता हिरवं आहे."

"काँक्रीटला ताकद आली?"

"नाही… आकडा तोच आहे. थंडीनं काँक्रीट मागं पडलंय. काल संध्याकाळी पुण्याहून हिरव्याची हद्दच खाली आणली."

म्हणजे असं, की परीक्षेत पोरगं नापास झालं तेव्हा शाळेनं पास व्हायचे मार्क कमी केले. उद्घाटनाची तारीख ठरली होती. उद्यापासून त्या स्लॅबखाली फरशीवाले बसणार होते, आणि त्यांच्यानंतर खाटा येणार होत्या.

"हे कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी. पुण्याच्या ऑफिसातल्या बेहेरे साहेबांनी तर स्वतःच केलं. सल्लागारांनी पाहिलं, दवाखान्याच्या माणसांनी पाहिलं. ग्रुपवर सगळे आहेत. कोणी काही बोललं नाही. काहींनी अंगठे दिले."

"आणि तू?"

"मी अंगठा दिला नाही."

हे सांगताना त्याची छाती जराशी पुढे आली.

बाईंनी आणखी एक शेंग फोडली.

प्रणीत बोलत सुटला. पूर्वी एकट्या इंजिनियरला कळायचं, म्हणून त्याला तोंड उघडावं लागायचं. आता लपून काहीच राहत नाही. इतक्या मोठमोठ्या लोकांना जे दिसतंय ते आपण नव्यानं काय सांगणार. शिवाय आपली नोकरी अजून पक्की झालेली नाही, हप्ते चालू आहेत. त्यानं बाईंकडे एकच मागितलं. सल्लागार हे बाईंचेच जुने विद्यार्थी. बाईंनी त्यांना एक फोन करावा.

"त्याला दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग मी त्याला नवीन काय सांगू?"

प्रणीतचेच शब्द त्याच्या गळ्यात आले होते.

"स्लॅब कधी खोलणार?"

"आता. दहा वाजता."

बाईंनी सूप बाजूला सरकवलं. पदरावरची फोलपटं झटकली. उठताना भिंतीचा आधार घेतला.

"चल. मला दाखव."

साइटच्या फाटकापाशी बाईंना अडवलं. नोंदलेलं हेल्मेट डोक्यावर असल्याशिवाय ते फाटक उघडतच नाही. वॉचमननं बाईंना ओळखलं, पायाही पडला, पण त्याचं काही चालत नव्हतं. प्रणीतला मनातून बरंच वाटलं. बाई आत आल्या असत्या तर आरडाओरडा झाला असता. वॉचमनच्या खुर्चीवर त्यांना बसवून, आलोच म्हणत तो केबिनकडे गेला.

केबिनच्या भिंतीवर मोठा स्क्रीन होता. त्यावर दवाखान्याचा नकाशा, आणि माणूस तिथं ठिपका. ठिपके सगळे स्लॅबच्या बाहेर उभे होते. स्लॅबखाली एकही नव्हता. वर हिरव्या अक्षरांत 'जागा मोकळी' असं आलं होतं. सगळं कसं नीटनेटकं.

बसप्पा मिस्त्री आणि त्याची माणसं घण घेऊन तयार होती. स्लॅब खोलणं म्हणजे खालचे टेकू एकेक करून काढणं आणि फळ्या उतरवणं. पहिला टेकू निघाला की स्लॅबला स्वतःचा भार स्वतःच पेलावा लागतो.

पूर्वी मिस्त्री पहिल्या टेकूवर घण घालण्याआधी इंजिनियरला विचारायचा, खोलू का साहेब? इंजिनियर समोर उभा राहून तोंडानं 'खोल' म्हणाला की मगच घण पडायचा. हल्ली मिस्त्रीच्या फोनवर हिरवं येतं. विचारायची पद्धत मागं पडली होती.

बसप्पानं फोन पाहिला आणि खिशात टाकला.

प्रणीत केबिनच्या दारात आला. का आला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. टेकूंच्या त्या दाट रांगांमधून त्याला मध्यभागी काहीतरी पांढरं दिसलं.

पालथ्या घमेल्यावर मुजावर बाई बसल्या होत्या.

प्रत्येक साइटला मागल्या बाजूनं कुंपणाचा एक सुटलेला पत्रा असतो. बायका तिथून पाण्याला जातात. ज्यांचं आयुष्य साइटवर गेलंय त्यांना तो पत्रा शोधावा लागत नाही.

प्रणीतनं मागं वळून स्क्रीन पाहिला. जागा मोकळी.

पुन्हा बाहेर पाहिलं. बाई होत्या.

त्याचा हात आधी खिशातल्या फोनकडेच गेला. फोनवर 'काम थांबवा' असं बटण होतं. त्यानं ते दाबलं. फोननं विचारलं, धोका कोणाला आहे? हेल्मेट क्रमांक टाका.

बाईंना क्रमांक नव्हता.

पुण्यात कोणाला दिसत नव्हतं. सल्लागारांना दिसत नव्हतं. बसप्पा प्रकाशाकडे तोंड करून उभा होता, त्यालाही दिसत नव्हतं. एवढ्या सगळ्या फोनांमध्ये, एवढ्या सगळ्या माणसांमध्ये ही एक गोष्ट एकट्या प्रणीत खोचगेला माहीत होती.

बसप्पानं घण उचलला.

"थांबा…"

आवाज असा निघाला की तो आपलाच आहे हे प्रणीतला उशिरा कळलं. तो पळत सुटला. बसप्पानं घण हळूच खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिला.

लगेच फोन वाजला. बेहेरे साहेब.

"काम का थांबलंय?"

"आत माणूस आहे, साहेब."

"स्क्रीनवर कोणी नाही."

"स्क्रीनवर नाही. आत आहे."

साहेब म्हणाले, जो कोण असेल त्याला बाहेर काढा आणि सुरू करा. त्यात काय एवढं?

खरंच, त्यात काय एवढं होतं? बाई तर उठूनच उभ्या राहिल्या होत्या. साडी झटकत, टेकूंना हात लावत त्या सावकाश बाहेर यायला निघाल्या.

प्रणीत पुढे झाला. फोनवर हात दाबून धरत कुजबुजला.

"बाई, बसून राहा ना… थोडा वेळ. तुम्ही आत आहात तोवर ते काही करू शकत नाहीत."

"माझे गुडघे दुखतात," बाई म्हणाल्या.

आणि त्याच्या शेजारून निघून उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.

आता स्लॅबखाली खरोखरच कोणी नव्हतं. फोन म्हणत होता तेच डोळ्यांनाही दिसत होतं. प्रणीतला बाईंचा राग आला. मदत करायला आलेलं माणूस ऐन वेळी असं हात काढून घेतं का? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचंच होतं.

बसप्पा जवळ आला. काय शिजतंय ते त्याला पुरतं कळलं नव्हतं, पण काहीतरी शिजतंय एवढं कळलं होतं. त्यानं खिशातला फोन काढलाच नाही. कित्येक दिवसांनी त्यानं तोंडानं विचारलं.

"खोलू का, साहेब?"

सगळे प्रणीतकडे पाहत होते. फोनच्या आत बेहेरे साहेब ऐकत होते.

…

"नाही," प्रणीत म्हणाला.

"आत कोणी आहे का अजून?" फोनमधून साहेबांनी विचारलं.

"नाही. कोणी नाही."

"मग?"

"काल तुम्ही हद्द खाली आणलीत, साहेब. काँक्रीट तिथंच आहे. मी खोलू देणार नाही."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की हा निर्णय सगळ्यांनी मिळून घेतलाय, सगळ्यांच्या फोनवर आहे, कोणाचीच हरकत आलेली नाही, आणि प्रणीतची नोकरी अजून पक्की झालेली नाही. मग म्हणाले, मिस्त्रीला फोन दे.

प्रणीतनं फोन पुढे केला.

"बसप्पाला तुम्ही जरूर सांगा, साहेब. फक्त इथं येऊन सांगा. स्लॅबखाली उभं राहून, तोंडानं. तोवर मीच तिथं उभा राहतो."

बसप्पानं फोनकडे पाहिलं. घेतला नाही. घण आडवा टाकला आणि त्यावरच बसकण मारली.

"या की साहेब," तो फोनच्या दिशेनं जरा मोठ्यांदा म्हणाला. "च्या ठेवतो."

पलीकडून फोन बंद झाला.

त्या दिवशी एकही टेकू हलला नाही. प्रणीत दुपारपर्यंत स्लॅबखाली उभा होता आणि बसप्पाची माणसं तिथंच जेवली. शेवटी सल्लागारांचा ग्रुपवर एका ओळीचा निरोप आला, की जुनी हद्द पुन्हा लावावी. त्याखाली सगळ्यांनी अंगठे दिले. काल दिले होते त्यांनीच.

त्याच्या पाठोपाठ प्रणीतला उद्या पुण्याला यायचा निरोप आला आणि लगेच त्याचा फोन काळा पडला. त्याचं नाव यंत्रणेतून काढलं होतं. हेल्मेटही बंद झालं. फाटक काही उघडेना. वॉचमन बिचारा हात जोडून उभा राहिला.

बाई सावलीला बसून होत्या. त्या उठल्या आणि मागल्या बाजूला चालू लागल्या. प्रणीत त्यांच्या मागून गेला. सुटलेला पत्रा त्यानं हातानं धरला, आधी बाई बाहेर पडल्या, मग तो. पत्र्यानं त्याचा शर्ट खांद्यावर फाटला.

बाहेर रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती. तो बाईंच्या शेजारून चालू लागला.

"उद्या पुण्याला बोलावलंय," तो म्हणाला. "चौकशी आहे. विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून काम थांबवलंस…"

बाई चालत होत्या.

"मी खरं ते सांगेन. सांगेन की मुजावर बाई आत बसल्या होत्या, म्हणून थांबवावं लागलं. तुमचं नाव ऐकलं की ते जरा सांभाळून घेतील…"

बाई थांबल्या. त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"कोण बाई?" त्या म्हणाल्या. "त्यांच्या फोनमध्ये बघायला सांग. आत कोणी नव्हतं."