पाच घरांचा वाटा

फार वर्षांमागची गोष्ट. एका नदीच्या पलीकडच्या राज्यात दोन भावांची गादीवरून लढाई लागली. गादी कुणाला मिळाली कोण जाणे, गावं मात्र जळाली. जीव वाचवून माणसं नदी उतरून अलीकडं आली आणि वाळूत बसून राहिली.

अलीकडं पाच गावं होती. पाचही पाटील बाजारतळावर जमले. भरपूर वादावादी झाली, मग ठरलं की प्रत्येक गावानं पाच घरं घ्यायची. पण कसली घरं? एक म्हणाला, "माणूस धडधाकट पाहिजे." दुसरा म्हणाला, "हाताला कसब पाहिजे." तिसरा म्हणाला, "म्हातारंकोतारं, लंगडंपांगळं नको." अटी घालायला बसलं की सगळेच शहाणे होतात.

त्यातल्या एका गावात एक म्हातारा बैलपारखी होता. बैलाचे दात आणि खूर बघून तो वय सांगायचा, आणि तोंडाचा इतका तिखट की दलालही त्याला टरकायचे.

पाटील म्हणाला, "तात्या, माणसं निवडायला तुम्हीच जा. तुम्हाला आजवर कुणी फसवलं नाही."

"बैल आणायचेत का माणसं?"

"बघायचं तेच की हो! ओढणारं पाहिजे."

तात्याला बरं वाटलं. नवा पटका बांधून त्यानं गाड्या जुंपायला लावल्या.

वाळूत उतरून त्यानं रीतीप्रमाणं काम सुरू केलं. कुणाचे खांदे चाचपले, कुणाचे तळहात बघितले. "चालून दाखव." "वाक." "तोंड उघड." माणसं बिचारी तोंड उघडत होती. एक सुतार, एक कोष्टी, एक तेली, एक विहीर खोदणारा, अशी चार घरं झाली.

पाचवा लोहार. काय मनगट होतं त्याचं! बायको धट्टीकट्टी, दोन पोरी चुणचुणीत. तात्या खूश झाला. तेवढ्यात त्याला लोहाराच्या मागं उलट्या टोपलीवर बसलेली म्हातारी दिसली. पाय सुजून भोपळा झालेला.

"ही कोण?"

"आई माझी. तीन दिवस पाठीवर आणली."

"हिला ठेव हितं. बाकीचे गाडीत बसा."

लोहार खांद्यावरचं गाठोडं खाली टाकून आईशेजारी बसला.

म्हातारी त्याच्यावर खेकसली, "ऊठ मुडद्या! पोरींना घेऊन जा. मला वाळू मऊ लागते." मग तिनं तात्याकडं बघितलं. "दात बघता ना दादा? माझ्या तोंडात दोन आहेत. तुमच्या किती?"

तात्यानं तोंड मिटलं. मग पुटपुटला, "तीन."

"म्हणजे एकच जास्त. मग तुम्हाला कसं घेतलं हो त्या गावानं?"

"घेतलं म्हणजे? मी जन्मलोच तिथं!"

"मीपण कुठंतरी जन्मलेच होते की."

तात्याला असं कुणी कधी बोललं नव्हतं. तो लालेलाल झाला. वाळूत दोन येरझाऱ्या घातल्या, आणि ओरडला, "बस गाडीत! पाय चालत नाही, पण जीभ बरी चालते!"

गावाच्या वेशीत पाटलानं गाडी अडवली. "तात्या, ही कोण? अट मोडली तुम्ही."

"मोडली."

"बाकीची गावं काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. अटच चालवायची तर गावापासून चालवा. पहिला मला काढा. गुडघे गेलेत, दिवसभर ओट्यावर बसून शिव्या देतो. मग तुमच्या मावशीला काढा, तिला दिसत नाही. तुमच्या पाळण्यातल्या नातवाला कसलं कसब आहे? त्यालाही गाडीत घाला. सगळे मिळून वाळूत बसतो."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पाटील हसला नाही. मग पायातल्या वहाणा काढून गाडीजवळ गेला आणि म्हातारीपुढं पाठ वाकवली.

"चला आई. घर दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्या गावानं पुन्हा गाड्या जुंपल्या. बाकीच्या गावांनी नाकारलेली म्हातारी, आजारी, एकटी माणसं वाळूतच होती. तात्या पुढं बसला होता. या वेळी त्यानं कुणाला तोंड उघडायला लावलं नाही.

म्हातारीनं पुढं काही चमत्कार केला, असं समजू नका. ना तिनं धन दाखवलं, ना औषध. सात वर्षं भाकरी खाल्ली, सुनेला नावं ठेवली, नि सुखानं मेली. खांदा द्यायला अख्खं गाव होतं. दुसऱ्या गावांनी निवडून नेलेले धडधाकट मात्र वर्षभरात तिथून निघाले, आणि मागं टाकलेल्या आपल्या माणसांना शोधत याच गावात आले.

बाजारात कुणी त्या गावच्या माणसाला विचारलं, "तुमचा वाटा किती होता?" तर तो ताठ मानेनं सांगायचा, "वाटा पाच घरांचा. आम्ही तेरा घेतली."

तात्पर्य: जी अट लावली तर आपल्याच घरची माणसं बाहेर पडतील, ती दारात आलेल्याला लावू नये.