फाटकापाशी उभ्या नऊ रिक्षा

मी रिक्षावाला, शाळा लवकर सुटली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शब्दही साधेच आहेत.

चंद्रहास शेठनी इंदू ढोबळेला हुकूम दिला, की संध्याकाळपर्यंत क्लाउडचं रोजचं भाडं अर्धं झालं पाहिजे, नाहीतर नोकरी गेली. वर अट अशी, की कुणाच्या मशीनला हात लावायचा नाही. इंदूबाई शेठच्या सॉफ्टवेअर कंपनीत हिशेब आणि गाड्या बघायच्या. क्लाउड म्हणजे लांब कुठंतरी ठेवलेली भाड्याची मशीनं. वापरा, नाहीतर नुसती चालू ठेवा, भाडं तासाला चढतंच.

तिथले इंजिनिअर मोठे हुशार! प्रोग्राम रखडला तर तो सुधारायचा नाही, मोठं मशीन घ्यायचं. तपासणीपुरतं घेतलेलं मशीन काम झालं तरी बंद करायचं नाही. इंदूबाईंनी विनवलं, तर त्यांच्यातले हृषीकेश साहेब मान वर न करता म्हणाले, "राहू द्या हो. लागेल कधीतरी."

बाईंनी नाक्यावरून आम्हा नऊ जणांना बोलावलं. एकेका इंजिनिअरच्या नावानं एकेक रिक्षा फाटकाशी उभी केली. मीटर टाकायचा आणि वेटिंग चालू ठेवायचं, एवढंच काम. माझी रिक्षा हृषीकेश साहेबांच्या नावाची होती.

दुपारी वर निरोप गेला, की वेटिंगचे पैसे ज्याच्या त्याच्या घरी जायच्या भत्त्यातून कापले जातील. नऊच्या नऊ जण धावत खाली आले. लाखांचं भाडं ज्यांना दिसत नव्हतं, त्यांना माझ्या मीटरचा आकडा लांबूनच दिसला.

"मला कुठं जायचंच नाहीये! कशाला उभी केलीत?" हृषीकेश साहेब ओरडले.

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या. "लागेल कधीतरी."

मग त्यांनी सांगितलं, की ज्याचं रिकामं मशीन बंद होईल, त्याची रिक्षा सुटेल. साहेब लोक जिन्यात एकमेकांना ढकलत वर पळाले. हृषीकेश साहेबांनी तर रखडणारा प्रोग्रामही दुरुस्त केला. एवढे दिवस वेळ नव्हता म्हणे!

माझी रिक्षा सुटली होती, पण गंमत बघायला मी थांबलोच; संध्याकाळी शेठ फाटकाशी आले. मोबाइलमध्ये बघून ते कुत्सित हसले. "भाडं उतरलंय, पण अर्धं नाही झालं. उद्यापासून येऊ नकोस."

"उरलेलं तुमचंच आहे, शेठ. दिवाळीत पाहुण्यांना दाखवायला घेतलेलं सगळ्यात मोठं मशीन अजून चालूच आहे. त्याला मी कसा हात लावणार?" बाईंनी रस्त्याकडे बोट केलं. "म्हणून तुमच्या नावानं ती उभी केलीये."

पलीकडे पन्नास सीटची लक्झरी बस घरघरत होती. आत एकही माणूस नव्हता.

शेठनी बसकडे बघितलं. मग असे हसले, की पोट धरून माझ्याच रिक्षेत बसले. तिथूनच फोन करून त्यांनी मशीन बंद करायला लावलं आणि भाडं अर्ध्याच्याही खाली आलं. इंदूबाईंचा पगार दीडपट झाला, आणि त्यांच्या परवानगीशिवाय एकही मशीन घ्यायचं नाही असा हुकूम निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हृषीकेश साहेब माझ्याच रिक्षेनं आले. उतरताना म्हणाले, "जरा थांब, आलोच."

मी नुसता मीटर टाकला.

साहेब आल्या पावली परत फिरले, पैसे दिले आणि म्हणाले, "जा बाबा, जा."