तेलिणीचे समाधान

पूर्वी कर्णिकपूर नगरात दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका अमात्यकुळात जन्मला होता. वडिलांच्या मागे न्यायामात्याचे आसन त्याच्याकडे आले आणि आसनाबरोबर नगराची एक जुनी रीतही आली.

कर्णिकपुरात चोराचा उजवा हात तोडीत. चौकात त्याला आणताना गळ्यात तांबड्या कण्हेरीची माळ घालीत, पुढे वधभेरी वाजे. ज्याचे नुकसान झाले असेल त्याला शेजारी पाटावर बसवीत. हात तुटला की त्याने म्हणायचे, ‘माझे समाधान झाले.’ त्याशिवाय निवाडा पुरा होत नसे. रीत वाईट नव्हती. पण तो माणूस तोंड उघडे, नेमकी तेव्हाच भेरी इतक्या जोराने बडवीत, की तो काय म्हणाला हे शेजारच्यालाही ऐकू येत नसे. ओठ हलले, एवढ्यावर काम भागे. लोक लाह्या आणि गूळ खात घरी जात आणि न्याय झाला असे एकमेकांना सांगत.

ज्याचे चोरीला गेले त्याच्या पदरात काही पडत नसे. हात तुटलेल्याला नांगर धरता येत नसे, भिंत लिंपता येत नसे. तो भीक मागे, नाहीतर पुन्हा चोरी करी. मग डावा हात. आणि थोटे लोक चोरच असतात, हेही नगरातले शहाणे लोक मान हलवून सांगत.

त्या नगरात चंपिका नावाची विधवा तेलीण होती. तिच्या घाण्याला एकच बैल होता. गोमिल नावाच्या तरुणाने तो बैल भर दुपारी खुंट्यावरून सोडला, टेकडीवर नेला आणि दगडांच्या गाड्याला जुंपला. बैल घाण्याच्या सपाट फेऱ्यांना सरावलेला. उतारावर त्याचा पाय मोडला आणि तो तिथेच मेला.

गोमिल पळाला नाही. बोधिसत्त्वाने त्याला विचारले तेव्हा त्याने सगळे कबूल केले. टेकडीवर बैलवाल्यालाच काम मिळत होते आणि त्याच्याजवळ बैल नव्हता. बाप शिवक दोर वळणारा. देवळाच्या कोठारातून तुपाचे मडके उचलले म्हणून त्याचा हात फार पूर्वी तोडला होता. एका हाताने दोर वळता येत नाही. तेव्हापासून त्या घरात चूल पेटली तर पेटली.

शिवकाचा निवाडा कोणी दिला होता, हे बोधिसत्त्वाला विचारावे लागले नाही. तो त्याच्या वडिलांनी दिला होता. त्या दिवशी त्याला अन्न गेले नाही. त्याला दुःखापेक्षा राग जास्त आला होता. आपल्या कुळाचा, चौकाचा, त्या ढोलबडव्या समाधानाचा.

निवाड्याच्या दिवशी चौक भरला. लोकांनी मुलांना खांद्यावर घेतले होते. गोमिलाचा हात ठोकळ्यावर बांधला गेला. राजा आसनावर होता, शेजारी पुरोहित वज्रशर्मा. बोधिसत्त्वाने उठून भेरी थांबवायला सांगितली आणि तो चंपिका बसली होती त्या पाटाकडे वळला.

“बाई, हात तुटल्यावर जे म्हणायचे, ते आधी एकदा म्हणून पाहा.”

पुरोहिताने हरकत घेतली की क्रम उलटा होतो आहे. बोधिसत्त्व म्हणाला, शब्द खरे असतील तर आधी म्हटल्याने खोटे होणार नाहीत.

चंपिकेने तोंड उघडले आणि मिटले. “नाही म्हणवत,” ती म्हणाली.

“का?”

“तो हात घेऊन मी काय करू, धनी? घाण्याला जुंपू?”

लोक हसले. गर्दीतून कोणी ओरडले, “मग त्यालाच जुंप की, मावशी!” हसू आणखी पसरले.

चंपिका त्या आवाजाकडे वळली. “तू जत्रेला आलायस, बाबा. माझा बैल मेलाय.”

हसू विरले. वज्रशर्मा राजाकडे झुकून म्हणाला, बाईमाणूस आहे, विरघळली. ते तिने ऐकले.

“मी विरघळलेली नाही. याला पाहिलं की माझं अंग पेटतं. लेकरासारखा सांभाळलेला बैल याने मारला. मी याला क्षमा केलेली नाही, करेन असं वाटतही नाही. पण माझा घाणा उभा आहे आणि त्याला माझा खांदा लागतोय. ज्याने बैल मारला त्याने बैल आणून द्यावा. थोटा झाला तर तो कशाने आणील?”

राजा वैतागला. अशाने धाक राहील का, असे त्याने विचारले.

तेव्हा बोधिसत्त्वाचा आवाज चढला. “कोणाला धाक, महाराज? तो पाहा शिवक, याचा बाप. याच ठोकळ्यावर त्याचा हात तुटला. हा पोर तेव्हा इथेच उभा होता. याच्याइतका जवळून धाक या नगरात कोणी पाहिला आहे? धाकाने पोट भरत असते तर हा आज चोर झाला नसता. आपण चोर घडवतो, मग त्यांना तोडायला सण करतो आणि याला न्याय म्हणतो. मला लाज वाटते.”

पुरोहित कुजबुजला, की हा पळून जाईल. राजाने ते उचलले. “पळाला तर तुझा हात, अमात्या.”

“माझा हात,” बोधिसत्त्व म्हणाला आणि त्याने स्वतः गोमिलाची दोरी सोडली.

बोधिसत्त्वाच्या शब्दावर गोमिलाला टेकडीवरच्या खाणीत दिवसा दगड फोडायचे काम मिळाले. त्याची मजुरी बैलासाठी बाजूला पडू लागली. पहाटे तो चंपिकेच्या घाण्याची लाठ, बैलाने ओढायचा तो आडवा दांडा, ढकली, पुढे तो, मागे ती. ती त्याच्याशी अक्षर बोलत नसे. रिकाम्या खुंट्याला मात्र ती रोज चारा घाली आणि रोज तो त्याच्यादेखत काढी.

पावसाळा सरताना गोमिल बोधिसत्त्वाच्या दारी येऊन बसला. पळून जायचे त्याच्या मनात आले होते, ते तो लपवीत नव्हता. “हात तोडा, धनी,” तो म्हणाला. “एकदा दुखेल आणि सुटेन. हे रोज तिच्यासमोर उभं राहणं माझ्याच्यानं होत नाही.”

“म्हणूनच तोडत नाही,” बोधिसत्त्व म्हणाला. “हात तुटला की तुझे देणे संपले असे तुला वाटेल. आम्हालाही वाटेल. आणि तिचा घाणा तसाच राहील.”

गोमिल उठून खाणीकडे गेला.

पुढच्या उन्हाळ्यात बैल आला. चंपिकेने त्याचे दात पाहिले, खांदा दाबून पाहिला, खूर उचलून पाहिले. नंतर कोणी न बोलावता ती राजसभेत गेली.

“बैल चांगला आहे. माझं समाधान झालं, अर्धं. उरलेलं व्हायचं नाही, तो माझा बैल नव्हे. पण या पोराला आता मोकळा करा.”

इतकी वर्षे राज्य करून दृढसेनाने ते शब्द पहिल्यांदा कानांनी ऐकले. त्याने ठोकळा फोडून जाळायला लावला. वज्रशर्मा नगर सोडून गेला. शिवकाचा हात मात्र कोणत्याही राजाज्ञेने परत आला नाही, आणि तो न्याय होता असे म्हणायला त्यानंतर कर्णिकपुरात कोणाची जीभ धजावली नाही.

भगवान शास्त्याने ही कथा विहारात सांगितली. एका तरुण भिक्षूच्या हातून वृद्ध भिक्षुणीचे पात्र फुटले होते. त्याला हाकला म्हणून भिक्षू ओरडत होते, आणि पात्र जिचे फुटले तिला कोणी काही विचारलेच नव्हते. कथा संपवून शास्ता म्हणाला, “भिक्षूंनो, तो तरुण तेव्हा गोमिल होता आणि ती भिक्षुणी चंपिका. तुम्हा सगळ्यांत ज्येष्ठ असलेला स्थविर राजा दृढसेन होता. सर्वांत मोठ्याने जो ओरडत होता, तो वज्रशर्मा. न्यायामात्य मीच होतो. जी दुखावलेल्याचे ऐकून घेते आणि दुखावणाऱ्याला चूक सुधारायला हात शिल्लक ठेवते, ती प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची पूर्णता.”